चिंध्यांची बखर

पौष महिना लागला, की नागपूरकडे थंडी अंगाला झोंबू लागते. घरोघर माळ्यावरची बोचकी खाली उतरतात, आणि वर्षभर घडी घालून ठेवलेल्या गोधड्या उन्हात पसरल्या जातात. कोणी त्यांना गोधडी म्हणते, कोणी वाकळ म्हणते. नाव कोणतेही असो, घडण एकच. जुने नेसूचे लुगडे खाली, जुने धोतर वर, आणि मध्ये मुलांच्या आखूड झालेल्या सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे. टाका घालीत घालीत हे सर्व एकजीव केले, की फाटक्या वस्त्रांतून उबदार पांघरूण तयार होते. ज्याच्या घरी सुबत्ता नाही, त्यालाही ते परवडते. कारण त्याला विकत घ्यावा लागतो तो केवळ दोरा.

नागपूर हे तर कापडाचेच नगर. येथील कोष्टी विणकरांनी रेशीमकाठी लुगडी विणली, उत्तरेकडून येऊन स्थिरावलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग चालविले, आणि १८७७ साली जमशेटजी टाटा यांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. ती गिरणी आता बंद पडली आहे. तथापि तिच्या भोंग्यावर घराघरांतील दिवस सुरू होत असे, ही गोष्ट जुन्या नागपूरकरांना अद्याप आठवते. अशा नगरातील मुलांना कापडाचे मोल वेगळे सांगावयास नको. परंतु कापड अंग झाकते, ऊब देते, एवढेच त्याचे काम नव्हे. कापड आठवणही ठेवते. आजीच्या लुगड्याचा एक तुकडा गोधडीत दिसला, की आजी आठवते. तिचे गाव आठवते. ती कोठून कोठे आली तेही आठवते.

राजेरजवाड्यांच्या पराक्रमाची नोंद ठेवण्यासाठी पूर्वी बखरी लिहिल्या जात. राजांना बखरकार होते, सरदारांना कारकून होते. गरिबांना कोण होते? ज्यांच्यापाशी कागद नव्हता, दौत नव्हती आणि अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आपल्या कुळाची हकीकत कोठे लिहावी? विदर्भातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले संत गाडगे महाराज अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरीत. म्हणून लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. चिंधी ही टाकाऊ वस्तू नव्हे, हे त्यांच्याकडे पाहून हजारो लोक शिकले. याच चिंध्यांतून एका संपूर्ण समाजाने आपली बखर शिवून ठेवली आहे. त्या समाजाचे नाव सिद्दी, आणि त्या बखरीचे नाव कवंदी.

महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेला लागून बेळगाव जिल्हा आहे. त्यातील खानापूर तालुक्यात मराठी बोलणारी गावे पुष्कळ आहेत. तेथून पुढे सह्याद्रीच्या दाट रानात शिरले, की उत्तर कन्नड जिल्हा लागतो. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला हे त्यातील तालुके. साग, ऐन आणि बांबू यांच्या रानात, लहान लहान वस्त्या करून सिद्दी लोक राहतात. त्यांचा वर्ण काळा, केस दाट व कुरळे. परका मनुष्य त्यांना पाहून थबकतो आणि विचारतो, “हे लोक कोणत्या देशातून आले?” सिद्दी मनुष्य उत्तर देतो ते कोकणीत, नाहीतर कानडीत, आणि बेळगावच्या बाजूस राहणारा असेल, तर मराठीतही. त्याची कित्येक पिढ्यांची हाडे याच मातीत मिळालेली असतात.

तथापि परक्याच्या प्रश्नात थोडे तथ्य आहे. सिद्दींचे पूर्वज आफ्रिका खंडाच्या पूर्व किनाऱ्यावरून भारतात आले. ते आपखुशीने आले नाहीत. बहुतेकांना गुलाम म्हणून आणले गेले.

आफ्रिकेचा हा पूर्व किनारा आणि भारताचा पश्चिम किनारा यांच्यामध्ये अरबी समुद्र पसरलेला आहे. समुद्र दोन देशांना तोडतो असे वाटते. परंतु खलाशाच्या दृष्टीने तो त्यांना जोडतो. हिवाळ्यात ईशान्येकडून वारे वाहतात, ते शिडाची जहाजे भारतातून आफ्रिकेकडे नेतात. पावसाळ्यात नैऋत्येकडून वारे वाहतात, ते तीच जहाजे परत भारताकडे आणतात. या वाटेवर अनेक बेटे आहेत. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ झांजिबार आहे, कोमोरोची बेटे आहेत, आणि मोझांबिक नावाचे चिमुकले बेट आहे. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचण्यापूर्वी याच मोझांबिक बेटावर थांबला होता. पुढे पोर्तुगिजांनी तेथे आपले ठाणे वसविले. १५१० साली त्यांनी गोवा जिंकून घेतला, आणि त्या बेटाचा गोव्याशी नित्याचा संबंध सुरू झाला. ऑगस्टच्या आरंभी मोझांबिकहून निघालेले गलबत अनुकूल वारा लाभला तर सप्टेंबरात गोव्याच्या बंदरात शिरत असे.

त्या गलबतांत हस्तिदंत असे, सोने असे, आणि माणसेही असत. आफ्रिकेच्या अंतर्भागातून पकडून आणलेले पुरुष, स्त्रिया आणि मुले बेटावर आणून ठेवली जात. वाऱ्याची दिशा बदलली, की त्यांना गलबतात चढविले जाई. ही माणसे कशाच्या मोबदल्यात विकत घेतली जात असत? ही गोष्ट ऐकताना मन सुन्न होते. त्या किनाऱ्यावर व्यापाराचे मोठे चलन होते ते भारतीय कापड. खंबायत, दीव, दमण या बंदरांतून सुती कापडाचे गठ्ठे आफ्रिकेस जात, आणि त्या कापडाच्या बदल्यात हस्तिदंताबरोबर माणसेही येत. कोणा विणकराने मन लावून विणलेले वस्त्र दूर समुद्रापार कोणाच्या तरी पायांतील बेडी झाले. विणकराला त्याची कल्पना नसेल. पण इतिहासाने ती नोंद पुसू नये.

माणूस विकला गेला, की त्याचे नाव बदलले जाई. गाव सुटे, भाषा सुटे, आईबाप आणि भावंडे सुटत. आभाळच फाटले, तर ठिगळ कोठे लावणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. या लोकांचे आभाळच फाटले होते. आपण कोणत्या नदीकाठचे, कोणत्या कुळातले, हे त्यांच्या नातवंडांना सांगण्यासाठी त्यांच्यापाशी एकही वस्तू उरली नव्हती.

आफ्रिकेतून आलेल्या सर्वांचे नशीब मात्र सारखे नव्हते. अबिसिनियातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, आलेल्यांना ‘हबशी’ म्हणत. त्यांतील कित्येक जण दख्खनच्या सुलतानांच्या सैन्यात चढत गेले. मलिक अंबर हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. १५४८ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, आणि अनेक मालकांच्या हातून फिरत फिरत दख्खनमध्ये आला. पुढे तो निजामशाहीचा कर्ताधर्ता वजीर झाला. त्याने मोगलांशी वर्षानुवर्षे झुंज दिली, जमीनमहसुलाची नीट व्यवस्था लावली आणि १६१० साली खडकी नगर वसविले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे नळाने पाणी आणण्याची त्याने केलेली योजना पाहून आजही जाणकार थक्क होतात. १६२६ साली तो वारला. कोकणात मुरूडजवळच्या समुद्रातील किल्ला सिद्दी सरदारांनी शतकानुशतके आपल्या हाती राखला. त्या किल्ल्याला जंजिरा म्हणतात. ‘जजीरा’ या अरबी शब्दाचा अर्थ बेट, त्यावरून जंजिरा. १९४८ साली हे संस्थान भारतात विलीन झाले.

रानात राहणाऱ्या सिद्दींना मात्र ना किल्ला लाभला, ना वजिरी. गोव्यात पोर्तुगीज धन्यांच्या घरी राबणाऱ्यांपैकी काही जण छळाला कंटाळून पळाले. काहींना पुढे मुक्तता मिळाली. १८४३ साली ब्रिटिशांच्या ताब्यातील भारतात कायद्याने गुलामगिरीचा आधार काढून घेतला गेला. पोर्तुगिजांच्या मुलखातही ती प्रथा एकोणिसाव्या शतकात हळूहळू मोडीत निघाली. गोव्याच्या पूर्वेस सह्याद्रीचा घाट आणि घाटावर निबिड अरण्य. पळालेल्याला लपण्यास त्याहून उत्तम जागा कोणती? तेथे ते राहू लागले. त्यांनी रान साफ करून थोडी शेती केली, मध गोळा केला, जमीनदारांच्या सुपारीच्या बागांत मजुरी केली. आसपासच्या लोकांशी त्यांच्या सोयरिकी झाल्या. त्यांच्यात कोणी ख्रिस्ती आहेत, कोणी मुसलमान, कोणी हिंदू. धर्म तीन असले तरी पूर्वजांविषयीचा आदर एकच. वाडवडिलांना ते ‘हिरियारु’ म्हणतात आणि त्यांचे स्मरण करतात. सण आला, की ‘दम्माम’ नावाचे वाद्य घुमते आणि तिन्ही धर्मांची माणसे त्या तालावर नाचतात.

याच वस्त्यांत कवंदी शिवली जाते.

कवंदी शिवण्यासाठी प्रथम एक जुने लुगडे जमिनीवर पसरतात. तो तिचा पाया. मग घरातील जीर्ण कपड्यांचे बोचके सुटते. नवऱ्याचा कामावर झिजलेला सदरा, सासूचे विटलेले लुगडे, मुलीचा परकर, शाळेत जाणाऱ्या मुलाचा गणवेश अशी सर्व वस्त्रे त्यातून बाहेर पडतात. जेथे ती विरली असतील तेथले कापड वगळून उरलेल्याचे तुकडे करावयाचे, त्यांच्या कडा आत दुमडावयाच्या, आणि ते लुगड्यावर टाचत जावयाचे. शिवणारी स्त्री एका कोपऱ्यापासून आरंभ करते. कडेकडेने फिरत ती चारही बाजू पूर्ण करते, आणि मग एकेक फेरा आत घेत घेत मध्यभागी येते. टाका साधा, धावदोऱ्याचा. तो तुकड्यांवरून सरळ रांगांनी जातो आणि वरचे कापड खालच्या लुगड्याशी घट्ट बांधतो. दुरून पाहिले तर या टाक्यांच्या रांगा नुकत्याच नांगरलेल्या शेतातील तासांसारख्या दिसतात.

या कामाला कागदावरचा नकाशा नसतो. कोणता तुकडा कोणाशेजारी बसवावा, हे शिवणारी त्या क्षणी ठरविते. लालाशेजारी हिरवा, पिवळ्याशेजारी निळा, आणि त्यांच्यामध्ये अवचित एक पट्टेरी तुकडा. रंग भडक, पण मेळ असा, की पाहणाऱ्याची दृष्टी खिळून राहावी. अंथरूण किती जणांना पुरावयाचे, यावरून तिचा आकार ठरतो. तान्ह्या बाळासाठी छोटी कवंदी शिवतात, आणि तीत चिमुकले रंगीत तुकडे अधिक प्रेमाने भरतात.

सगळे टाके घालून झाले, तरी काम संपत नाही. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेले त्रिकोणी तुकडे एकावर एक शिवावे लागतात. त्यांना ‘फुले’ म्हणतात. या फुलांचा उबेशी काही संबंध नाही. ती नसली तरी थंडी तेवढीच अडेल. परंतु फुले नसलेली कवंदी नागडी, असे सिद्दी स्त्रिया मानतात. पोटाला चिमटा घेऊन राहणारी बाई दिवसभर दुसऱ्याच्या बागेत राबून आल्यावर, रात्री दिव्याच्या उजेडात चिंध्यांना फुले लावते. गरिबाला केवळ गरज असते, शोभेची हौस नसते, असे ज्यांना वाटते, त्यांनी ही फुले अवश्य पाहावीत.

कवंदीला चिंध्यांची बखर का म्हणावे? तीत चित्रे नाहीत, अक्षरे नाहीत, सनावळी नाही. पण वाचणाऱ्याला तीत पुष्कळ वाचता येते. एखाद्या कवंदीत मध्येच क्रूस शिवलेला आढळतो. ते घर ख्रिस्ती. एखादीत चंद्रकोर आढळते. ते घर मुसलमान. परंतु टाका तोच, फुलेही तीच. म्हणजे धर्म वेगळे झाले तरी समाज दुभंगला नाही, हे त्या टाक्यांनीच सांगितले. तिचा पाया लुगड्याचा. म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्यांच्या लेकी या भूमीचे वस्त्र नेसू लागल्या. कापड गिरणीचे असेल, तर बाजाराचा आणि मजुरीच्या पैशाचा संबंध आला. आणि घरातील प्रत्येकाच्या वस्त्राचा एकेक तुकडा तीत असल्यामुळे, जे माणूस गेले तेही त्या पांघरुणात राहिले. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या वस्तीवर जाताना कवंदी बरोबर नेते, तेव्हा तिच्याबरोबर सगळे घरच जाते.

येथे एक शंका कोणीही घेईल. उत्तर कर्नाटकात ‘कौदी’ शिवतात, महाराष्ट्रात गोधडी शिवतात; मग कवंदीत सिद्दींचे स्वतःचे असे काय? शंका रास्त आहे. जुन्या लुगड्यावर धावदोरा घालण्याची रीत या सर्वांत सारखी आहे, आणि ती शेजाऱ्यांनी एकमेकांपासून घेतली असणार. परंतु कडेपासून मध्याकडे फिरत जाण्याची पद्धत, कोपऱ्यांवरची फुले आणि रंगांचा तो धीट मेळ पाहून अभ्यासकांना आफ्रिकेतील वस्त्रकलेची आठवण होते. एका टाक्याला आफ्रिकेचा आणि दुसऱ्याला भारताचा असे वेगळे करून दाखविता येणार नाही. दोन रंगांच्या दोऱ्यांनी विणलेल्या वस्त्रातून एक रंग उपसून काढला, तर वस्त्रच उरत नाही. सिद्दींचे जीवनही तसेच दोन धाग्यांचे आहे.

जे कवंदीत दिसते, तेच पुढे शास्त्रज्ञांनाही दिसले. हैदराबाद येथील पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील संशोधक ज्यात सहभागी होते, असा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. सिद्दींच्या रक्ताचे नमुने तपासून त्यांतील आनुवंशिक खुणा संशोधकांनी शोधल्या. पूर्व आफ्रिकेतील बांटू भाषिक लोकांचा वारसा त्यांत स्पष्ट दिसला. त्याच्या जोडीला भारतीय वारसा दिसला, आणि काही अंशी युरोपीय, बहुधा पोर्तुगीज, वारशाच्याही खुणा आढळल्या. तीन खंडांचा मेळ एका रक्तात झाला आहे, हे प्रयोगशाळेने सांगितले. कवंदी तेच आपल्या परीने सांगत आली होती.

जगात इतरत्रही लोकांनी कापडावर इतिहास जपला आहे. फ्रान्समधील बायो नगराच्या नावाने ओळखला जाणारा, सुमारे सत्तर मीटर लांबीचा भरतकामाचा पट प्रसिद्ध आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी समुद्र ओलांडून इंग्लंडचे बेट कसे जिंकले, याची चित्रमय हकीकत त्यावर आहे. तो विजेत्यांचा पट. उलट, १९७५ नंतर लाओस देशातून जीव वाचवून पळालेल्या मोंग लोकांनी थायलंडमधील निर्वासितांच्या छावण्यांत बसून, मेकाँग नदी ओलांडतानाची आपली दैना कापडावर भरली. तो पराजितांचा पट. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात, नदीच्या वळणात वसलेल्या जीज बेंड या गावी, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आफ्रिकी लोकांच्या लेकीसुनांनी शेतावर झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ साली त्यांची प्रदर्शने मोठमोठ्या कलासंग्रहालयांत भरू लागली, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. जीज बेंडच्या स्त्रियांनी सिद्दी स्त्रियांना कधी पाहिले नव्हते. दोघींच्या पूर्वजांना एकाच खंडातून दोन वेगळ्या समुद्रांवरून नेले गेले होते, आणि दोघींनीही सुई हाती घेतली.

अलीकडे कवंदीलाही रानाबाहेर वाट मिळाली आहे. हेन्री ड्रूअल या अमेरिकी कला-इतिहासकाराने सिद्दींच्या कवंद्यांचा अभ्यास केला. शिवणाऱ्या स्त्रियांची एक सहकारी संघटना उभी राहिली. २०११ साली न्यूयॉर्क नगरातील शोम्बर्ग केंद्रात कवंद्यांचे प्रदर्शन भरले. ज्या समाजाला कोणी विचारीत नव्हते, त्याच्या अंथरुणापुढे लोक थांबून पाहू लागले. विक्रीमुळे स्त्रियांच्या हाती चार पैसे आले. परंतु विक्रीसाठी शिवताना घरातील जुनी वस्त्रे पुरत नाहीत. मग नवे कापड आणावे लागते. नव्या कापडाची कवंदी दिसावयास सुरेख असते, पण तीत सासूचे लुगडे नसते. पोट भरावे की आठवण जपावी, असा हा पेच आहे. शहाण्या स्त्रिया दोन्ही सांभाळतात. विकण्याची वेगळी शिवतात, आणि घरची घरात ठेवतात.

समाजाची स्थितीही हळूहळू पालटत आहे. २००३ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. त्यामुळे मुलांना शिष्यवृत्त्या व सवलती मिळू लागल्या. २०२० साली शांताराम सिद्दी यांची कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नेमणूक झाली. त्या सभागृहात बसणारे ते पहिले सिद्दी. तरीही आगगाडीत, बाजारात, शाळेत सिद्दी मुलामुलींना “तुम्ही कोणत्या देशाचे?” हा प्रश्न अद्याप ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण रोज तोच प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनाला तो रोज बोचतो.

त्या प्रश्नाचे उत्तर कवंदीने केव्हाच देऊन ठेवले आहे. ज्या कापडाच्या मोलाने माणसे विकली गेली, त्याच कापडाच्या चिंध्या वेचून त्यांच्या लेकींनी आपल्या मुलांना ऊब दिली. लुटले गेलेले नाव त्यांना परत मिळाले नाही, हरवलेले गाव सापडले नाही. तेव्हा जे हाती उरले तेच जोडून त्यांनी नवे घर केले, आणि त्या घराच्या चारही कोपऱ्यांवर फुले लावली. ते घर याच देशात आहे.

शब्दार्थ

बखर – पूर्वीच्या काळी लिहिलेली ऐतिहासिक हकीकत. बोचके – कापडात बांधलेले गाठोडे. निबिड – अतिशय दाट. जीर्ण – फार जुने, झिजलेले. तास – नांगराने पडलेली रेघ. धावदोरा – सरळ रेषेत घातलेला साधा टाका. वजीर – राज्याचा मुख्य प्रधान. आनुवंशिक – वाडवडिलांकडून जन्मतः आलेले. सोयरीक – विवाहाने जुळलेले नाते. पेच – सोडविण्यास अवघड अशी अडचण.

स्वाध्याय

१. प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अरबी समुद्र दोन देशांना जोडतो, असे पाठात का म्हटले आहे?
(आ) ‘जंजिरा’ हे नाव कशावरून पडले?
(इ) फुले नसलेल्या कवंदीविषयी सिद्दी स्त्रिया काय मानतात?
(ई) बायोचा पट आणि मोंग लोकांचे भरतकाम यांत कोणता फरक आहे?

२. आठ-दहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) कवंदी शिवण्याची रीत आपल्या शब्दांत क्रमाने सांगा.
(आ) कवंदीला ‘चिंध्यांची बखर’ म्हणणे योग्य आहे काय? पाठातील आधार देऊन लिहा. कवंदी कोणत्या गोष्टी सांगू शकत नाही, तेही लिहा.
(इ) “पोट भरावे की आठवण जपावी” हा पेच स्पष्ट करा. तुम्ही त्यातून कोणता मार्ग काढला असता?

३. पुढील म्हणी व वाक्प्रचार यांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
आभाळ फाटल्यास ठिगळ कोठे लावणार, अंथरूण पाहून पाय पसरावे, पोटाला चिमटा घेणे, दृष्टी खिळून राहणे, मोडीत निघणे.

४. पुढील शब्दांतून वस्त्रे, गोधडीचे प्रकार व शिवणकामाचे शब्द वेगळे करा.
लुगडे, धावदोरा, वाकळ, धोतर, टाका, कौदी, सदरा, कवंदी, परकर, ठिगळ.

५. उपक्रम
घरातील जुनी गोधडी आई, आजी किंवा शेजारच्या आजीबाईंच्या समवेत पाहा. तीतील पाच तुकडे निवडा. ते वस्त्र कोणाचे होते, कोठे विणले किंवा विकत घेतले होते, आणि ते वापरणारे माणूस कोणत्या गावाहून आले होते, हे विचारून लिहून काढा. वर्गात सर्वांचे लेखन एकत्र करा, आणि नकाशावर त्या गावांच्या जागी टाचण्या लावा.